मागचा उजवा दिवा

१

बेकरीच्या व्हॅनचं नाक चेपलं होतं, तिच्या चालकाचा हात प्लास्टरमध्ये गेला होता, रस्त्यावर सांडलेले पाव कुत्र्यांनी केव्हाच फस्त केले होते, आणि या सगळ्याबद्दल सगळ्यांनी एकमुखानं ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तो माणूस स्वयंपाकघरात बसून मुकाट्यानं मटार सोलत होता.

हा माणूस मुकाट्यानं काही करू शकतो, हेच त्याच्या बहिणीला पटेना. तिचा दादा म्हणजे उभं आयुष्य सैन्यात ट्रक चालवलेला गडी. निवृत्त झाल्यावर त्यानं लिलावात तसलाच एक जुना लष्करी ट्रक हौसेनं विकत घेतला होता. त्यातून लोकांचे पंप आणि पाइप पोचवताना, शेजारी जो कोणी बसेल त्याला गाडी कशी चालवावी यावर तो घसा कोरडा पडेपर्यंत प्रवचन झोडायचा.

बहीण स्वतः तंत्रशाळेत गाड्यांचं वायरिंग शिकवून निवृत्त झालेली. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण दोन वायरींना जोडलेला तपासणीचा छोटा दिवा असायचाच. म्हणून मुलांनी त्यांचं नाव टेस्टरबाई पाडलं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. हाती घेतलेला बिघाड सापडला नाही असं त्यांच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं, आणि हे सांगताना लाजायची त्यांना सवय नव्हती.

"हं, सांग. काय झालं?" खुर्ची ओढत टेस्टरबाईंनी विचारलं.

"चौकात उजवीकडे वळत होतो. ही व्हॅन मागून आली आणि उजव्या अंगाला धडकली. तो म्हणतो, सिग्नल नव्हता."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, होता." दादाचा हात शेंगेवर थांबला. "म्हणजे, मला वाटतं होता. डॅशबोर्डवरचा सिग्नलचा हिरवा दिवा लुकलुकताना बघितल्यासारखं आठवतंय. पण रोज तेच आठवून आठवून आता खरं कुठलं आणि मनाचे खेळ कुठले, तेच कळेना. पोलिसांनी ट्रक तपासला. एकूण एक दिवा ठणठणीत. मग चुकलं कोण? मीच ना?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सोमवारी परवाना जमा करतोय. तसं अधिकाऱ्यांना सांगून आलोय. बिघाड गाडीत नाही, माझ्या डोक्यात आहे."

परवान्याचं टेस्टरबाईंना एवढं काही वाटलं नसतं, आज ना उद्या तो सोडायचाच होता. पण दादा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडून बसला होता. असा दादा त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि यापुढेही पाहायची तयारी नव्हती.

"सोमवार अजून उजाडायचाय," त्या म्हणाल्या. "किल्ली दे."

"आत्या, उगाच कशाला?" दारातून भाचा आत आला. "सगळं तपासून झालंय. बाबांना आणखी त्रास नको."

बोलणं काळजीचंच होतं. पण बोलता बोलता टेबलावरच्या किल्लीकडे त्याचा हात आधी गेला, हे टेस्टरबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

२

घरामागच्या आवारात ट्रक भिंतीकडे पाठ करून उभा होता. जागा एवढी चिंचोळी, की मागचा फाळका, म्हणजे हौद्याच्या मागची ती लोखंडी झडप, पुरती खाली पाडली तर भिंतीलाच टेकेल. त्यामुळे ट्रक घरी असला की फाळका वर, आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या आकड्यात अडकवलेल्या.

"पोरानं रंगवला," दादा म्हणाला. तेवढ्यापुरता त्याचा आवाज जरा खुलला. "आपल्या हातानं. मागचा उजवा दिवा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो, ती खिळखिळी झाली होती, तीही नवी बसवली. धक्क्यानं दिवे फुटायचे, म्हणून खाली रबर घातलं. काम चोख करतो."

भाचा चपलेच्या टोकानं माती उकरू लागला. कौतुक ऐकून माणूस एवढा अवघडत नाही, असं टेस्टरबाईंच्या मनात येऊन गेलं.

त्या चालकाच्या सीटवर चढल्या. अशा ट्रकच्या दिव्यांचा मुख्य स्विच म्हणजे एक निराळंच प्रकरण असतं. त्याची एक जागा खास युद्धातल्या अंधारासाठी केलेली. खटका त्या जागी गेला, की शत्रूला गाडी दिसू नये म्हणून ब्रेकचे दिवे बंद, सिग्नल बंद, सगळंच बंद. चालकानं कितीही खटाटोप केला तरी बाहेर काजवासुद्धा चमकत नाही. लिलावातून ट्रक घेणारे निम्मे हौशी लोक इथंच फसतात, आणि टेस्टरबाईंना पहिला संशय तोच होता.

"खटका कुठल्या जागेवर होता त्या दिवशी?"

"रोजच्या." दादाचा चेहरा पुन्हा पडला. "म्हणजे, असणार."

त्यांनी एकेक दिवा लावून पाहिला. भाचा मागे भिंतीशी अंग चोरून उभा राहिला आणि लागेल तो दिवा ओरडून सांगू लागला. ब्रेक, दोन्ही. डावा सिग्नल, लागला. उजवा सिग्नल, लागला. समोरचा हिरवा दिवा घड्याळासारखा टिकटिक करत होता.

ती टिकटिक टेस्टरबाईंना खटकली. त्या खाली उतरल्या, पुढच्या उजव्या सिग्नलचा बल्ब काढून खिशात टाकला आणि पुन्हा वर चढल्या. बल्ब खिशात, तरी हिरवा दिवा आपल्या त्याच चालीनं लुकलुकत होता.

"दादा, सिग्नल मिचकवणारा हा फ्लॅशर नवा आहे का?"

"बाजारातल्या वायरमननं बसवला. जुना फार रेंगाळायचा."

"जुना रेंगाळायचा, पण खरं बोलायचा. बाहेरचा एखादा बल्ब गेला की त्याची चाल बिघडायची आणि चालकाला कळायचं. या नव्याला बाहेरच्या दिव्याची काडीची पर्वा नाही. दिवा लागो न लागो, हा आपला लुकलुकतोय."

दादानं मान वर केली. "म्हणजे हिरवा दिवा मी बघितलेला असू शकतो? आणि तरीही मागे अंधार?"

"असू शकतं. पण मागे अंधार होता तर आज उजेड कसा, हे मला अजून सांगता येत नाही." टेस्टरबाईंनी बल्ब परत बसवला. "आणि ज्याचं उत्तर मला सांगता येत नाही, ते मला रात्रभर झोपू देत नाही. म्हणून संध्याकाळच्या आत शोधलेलं बरं."

३

चौकातल्या टेलरबाईंचं दुकान रस्त्याकडे तोंड करून होतं. ट्रक त्या दिवशी दुकानाच्या समोरूनच येत होता.

"सिग्नल?" दातांत धरलेली टाचणी काढून टेलरबाई म्हणाल्या. "होता की! पुढचा पिवळा दिवा चांगला मिचकत होता. मी सांगायला गेले होते पोलिसांना. ते म्हणाले, व्हॅन मागे होती, मागचं कोणी बघितलं का? मी मागचं कसं बघणार? मला काय ट्रकच्या आरपार दिसतं?"

टेस्टरबाईंचा जीव अर्धा भांड्यात पडला. पुढचा दिवा मिचकत होता, म्हणजे दादानं सिग्नल दिला होता, आणि मुख्य स्विचही जागेवर होता. पण दुकानात बसलेल्या बाईनं सांगितलेलं अधिकाऱ्यांना पुरणार नव्हतं. मागच्या अंधाराचं कारण दाखवावं लागणार होतं.

बेकरीचा चालक घरीच होता. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून तो आधीच चिडून बसला होता.

"मी खोटं बोलत नाही बाई. सिग्नल नव्हता म्हणजे नव्हता."

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हटलंच नाही. मला फक्त एवढं सांगा, मागचं काय काय दिसत होतं?"

तो जरा निवळला. "पाइप दिसत होते. हे एवढे लांब, बाहेर आलेले. फाळका खाली पाडलेला, दोरीनं बांधलेला, आणि पाइपांच्या टोकाला लाल फडकं."

"फडक्यानं उजवा दिवा झाकला होता?"

"छे, दिवा दिसत होता की. काच दिसत होती. पण विझलेला. डावा तेवढा लागला होता, लालभडक."

टेस्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "डावा लागला होता? मिचकत होता?"

"नाही, सलग लागलेला. मला वाटलं, म्हातारबुवा डावीकडे घेऊन थांबतायत. म्हणून मी उजवीकडून काढायला गेलो."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, सिग्नल होता का. मी म्हटलं, नव्हता. पुढचं कोणी विचारलंच नाही."

टेस्टरबाईंना त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण प्लास्टर आडवं आलं. या ट्रकमध्ये मागचा ब्रेक आणि मागचा सिग्नल एकाच दिव्यातून लागतात. दादा सिग्नल विसरला असता, तर ब्रेक दाबल्यावर डावा आणि उजवा दोन्ही दिवे लाल झाले असते. लागला होता एकच. माणूस सिग्नल द्यायला विसरू शकतो, पण विसरभोळेपणानं मागचा नेमका एकच दिवा विझवू शकत नाही. त्या क्षणी उजवा दिवा मेलेला होता, आणि दादाच्या डोक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मग पोलिसांसमोर तो मेलेला दिवा जिवंत कोणी केला?

४

वायरमन दुकानात एका मोटरचं पोट फाडून बसला होता. टेस्टरबाईंना पाहताच त्यानं आधीच हात झटकले.

"फ्लॅशर मी बसवला, कबूल. बाकी कशाला माझा हात नाही. आणि तपासणीच्या दिवशी साहेबांनी मलाच बोलावलं होतं. वायर बघितली, बल्ब बघितला, सगळं पक्कं. दिवा लागत होता हो!"

"कुठे तपासलात?"

"तुमच्या आवारात. कुठे म्हणजे?"

"फाळका वर होता?"

"वरच होता. साहेब म्हणाले, खाली पाडा, पाइप कसे होते ते बघू. पण तुमचा भाचा म्हणाला, जागा पुरणार नाही, आणि धक्क्यानं बिजागरीही अडकलीये, ओढू नका. मग साहेबांनी नाद सोडला."

"ट्रक अपघातानंतर घरी कोणी आणला?"

"त्यानंच. तुमचे भाऊ जखमी चालकाबरोबर इस्पितळात गेले होते ना. पाइपही त्यानंच उतरवले."

टेस्टरबाई उठल्या. इथं पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरत होतं याचा अंदाज आल्यापासून त्यांना ते शोधायचा पहिल्यासारखा उत्साह राहिला नव्हता. भाच्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

आवारात परतल्यावर त्यांनी ट्रक स्वतः हातभर पुढे घेतला. मग मागे जाऊन दोन्ही साखळ्या सोडल्या आणि फाळक्याला बोट लावलं. अडकलेली म्हणून सांगितलेली बिजागरी ताज्या ग्रीसनं चकाकत होती. फाळका आवाजसुद्धा न करता खाली आला.

"आत्या," मागून भाच्याचा आवाज आला, "तू काय करतेयस?"

५

"बरा आलास," टेस्टरबाई म्हणाल्या. "वर चढ आणि उजवा सिग्नल दे."

तो जागचा हलला नाही. त्या स्वतःच वर गेल्या, सिग्नल दिला आणि खाली आल्या. पुढचा पिवळा दिवा मिचकत होता. आत हिरवा टिकटिक करत होता. मागचा उजवा दिवा मात्र ठार विझलेला होता.

त्यांनी फाळका वर केला आणि उजवी साखळी आकड्यात अडकवली. दिवा मिचकू लागला. साखळी काढली, विझला. पुन्हा अडकवली, लागला.

मग टेस्टरबाईंनी साखळी सोडून पर्समधला तपासणीचा दिवा काढला. एक टोक दिव्याच्या वायरीला लावलं, दुसरं दिव्याच्या पट्टीला. काही नाही. दुसरं टोक ट्रकच्या सांगाड्यावर ओरखडा काढून टेकवलं, आणि तो छोटा दिवा लुकलुकायला लागला.

"वीज येतेय. पण नुसती येऊन भागत नाही, तिला बॅटरीकडे परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ट्रकचं लोखंड. तू पट्टीखाली रबर घातलंस, वरून जाड रंग दिलास, बोल्टसुद्धा रबरातून नेलास, वाट बंद झाली. पण साखळीचा आकडा याच पट्टीवर आहे. म्हणून फाळका वर असला, की वीज साखळीतून फाळक्यात, फाळक्यातून बिजागरीत आणि तिथून सांगाड्यात. तुम्ही दिवे नेहमी याच भिंतीशी तपासणार, फाळका वर ठेवून. आणि लांब पाइप न्यायचे म्हणजे साखळी सोडून दोरी बांधणार. दिवा घरी लागणार आणि रस्त्यावर विझणार."

भाचा पट्टीकडे बघत म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं."

"रबर मुद्दाम घातलं नाहीस, माहीत आहे मला. बापाचे दिवे फुटू नयेत म्हणून घातलंस. कळलं कधी तुला?"

तो खोटं बोलायच्या बेतात होता. मग आत्याच्या हातातल्या दिव्याकडे बघून त्यानं तो बेत सोडला.

"दुसऱ्याच दिवशी. पाइप उतरवायला ट्रक पुढे घेऊन फाळका पाडला होता आणि बाबा आत बसून दिवे लावून बघत होते. एकटेच. पुन्हा पुन्हा. मी मागे होतो, मला दिसलं, दिवा लागत नव्हता. त्यांनी विचारलं, लागला का? मी फाळका वर करून साखळी अडकवली आणि म्हटलं, लागला."

टेस्टरबाईंनी सिग्नल बंद केला. केबिनचं दार त्यांनी रागानं आपटलं.

"का?"

"त्यांना नीट दिसत नाही, आत्या! आरशात बघताना डोळे किलकिले करतात. किती वेळा सांगितलं, ऐकतात का? म्हणतात, मी तुला गाडी शिकवली, तू मला शिकवू नकोस. मला वाटलं, आता आपणहून सोडतायत तर सोडू देत. उद्या कोणाच्या अंगावर गाडी गेली तर? ते स्वतःच गेले तर?" त्याचे डोळे भरून आले. "मी वाईट केलं असं मला वाटतच नव्हतं."

त्याची काळजी खरी होती, हे टेस्टरबाईंना दिसत होतं. म्हणूनच त्यांना आणखी संताप आला.

"तुला वाटलं, नुसता परवाना जाईल. तुझा बाप आत बसून स्वतःला वेडा ठरवतोय, ते रोज जेवताना दिसत नव्हतं तुला? मी काही सांगणार नाही त्याला. चल, तूच सांगायचंस. आत्ता."

६

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, आवारात गेला, साखळी स्वतःच्या हातानं काढून आणि अडकवून पाहिली, आणि परत येऊन बसला.

"म्हणजे मी सिग्नल दिला होता."

"दिला होतात, बाबा."

"हिरवा दिवा मी बघितला होता."

"हो."

दादानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"तुझंही एक खरं आहे," दादा मुलाला म्हणाला. "व्हॅन मला आरशात दिसलीच नव्हती. धडकली तेव्हाच कळलं. हे मी कोणाला बोललो नाही, कारण मला वाटलं, तीही दिसली असेल आणि मी विसरलो असेन. डोळे तपासून घेतो. डॉक्टर नको म्हणाले तर ट्रक तू चालव. पण डोळे गेले तर चष्मा मिळतो रे. भांडायचं होतंस माझ्याशी. ओरडायचं होतंस. किल्ली घेऊन पळून जायचं होतंस. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी स्वतःला विचारायचो, आज आपण काय काय विसरलो असू? त्यावर कुठला चष्मा लावणार होतास तू?"

भाच्याला रडू आवरेना. तो खाली वाकला, बापाच्या पायांना हात लावायला.

"माझ्याकडे शेवटी ये," दादानं त्याला उठवलं. "आधी बेकरीवाल्याकडे. त्याचा हात मोडलाय आणि त्याला अजून वाटतंय, एका विसरभोळ्या म्हाताऱ्यानं मोडला. त्याला सांग दिवा का विझला ते. सोमवारी अधिकाऱ्यांना सांग. मग मी आहेच."

भाच्यानं डोळे पुसले आणि चपला घातल्या. दारापर्यंत जाऊन तो घुटमळला. "त्याचं घर कुठे आहे, मला माहीत नाही."

"बाजाराच्या मागे, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, निळं दार, दारात शिवणयंत्राचं मोडकं चाक. इस्पितळातून मीच पोचवलं होतं त्याला." दादा उठून उभा राहिला आणि आवाज चांगला वाढवून म्हणाला, "थांब, मीच दाखवतो. मला सगळं आठवतंय."